काटेसाहेबांचा कडता

वजन रोज सकाळी सहाला घ्यायचं, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर आणि तेवढ्याच कपड्यांत. दवाखान्यातून ह्यांना घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं मला हे तीनदा सांगितलं आणि वर कागदावर लिहूनही दिलं. मी म्हटलं, बाई गं, ज्या माणसानं एकतीस वर्षं ट्रक तोलले त्याला तुम्ही वजन घ्यायला शिकवताय होय? सिस्टर हसली, मीही हसले. हे मात्र हसले नाहीत. कागद घेतला, चष्मा लावून पुरता वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

आमचे हे मालधक्क्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. भरलेला ट्रक काट्यावर यायचा, त्याचं वजन लिहायचं. माल उतरवून रिकामा यायचा, तेही लिहायचं. पहिल्यातून दुसरं गेलं की उरला तो निव्वळ माल. ऐकायला सोपं आहे, पण ताडपत्री ओली असली, चाकांना चिखल असला किंवा ड्रायव्हर उतरायचा राहिला तर तेवढं वजन वेगळं वजा करावं लागतं. त्याला म्हणायचं कडता. ह्यांचा कडता सगळ्या मालधक्क्यावर प्रसिद्ध होता. नुसतं बघून सांगायचे, ताडपत्री चाळीस किलो, चिखल पंधरा, आणि हा ड्रायव्हर काही नव्वदच्या खाली नाही. माणसं त्यांना काटेसाहेब म्हणायची. एका किलोची लबाडी त्यांनी कधी केली नाही, कुणाला करू दिली नाही, आणि त्यापायी दोनदा मार खाल्ला. निवृत्त झाले तेव्हा त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडतं, आणि हे रोज ते पुढे करतात.

त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी तसंच सांगितलं, उगाच मोठाले शब्द वापरले नाहीत. पंप दमला की पाणी अंगात साचतं, आधी पायांत, मग छातीत. पहिल्यांदा भरती केलं तेव्हा नऊ दिवस ठेवलं. घरी आणलं आणि अकराव्या दिवशी पुन्हा ॲम्ब्युलन्स. तेव्हा आम्हाला कुठे काय माहीत होतं, पाय सुजले तर मी म्हणायची, बसून बसून सुजले असतील. दुसऱ्यांदा सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, प्रत्येक खेपेला हृदय थोडं मागेच राहतं, पहिल्यासारखं होत नाही. तिसऱ्यांदा आणायची वेळ येऊ देऊ नका.

घरी आल्यावर मी कंबर कसली. दिवसाला दीड लिटर पाणी, त्याची बाटली वेगळी. मीठ अगदी चिमटीत. गोळ्यांचा डबा, सकाळचा खण, रात्रीचा खण. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर त्याच दिवशी फोन करायचा, उद्यावर ढकलायचं नाही. आणि दर मंगळवारी अकरा वाजता दवाखान्यातून एका दुसऱ्याच सिस्टरचा फोन यायचा. तिचं कामच ते, घरी गेलेल्या हृदयाच्या माणसांना फोन करून विचारायचं. आवाजावरून मला ती विशीतली पोरगी वाटली. मी लेकीला म्हटलंसुद्धा, आता ही कालची पोर मला नवरा सांभाळायला शिकवणार.

आणखी एक गोष्ट मी केली. पहिल्या खेपेला धावपळीत टूथब्रशही विसरले होते, म्हणून या वेळी एक बॅग भरून दाराआड ठेवली. टॉवेल, ब्रश, कप, फाइल आणि नवा शिवलेला एक पायजमा. वेळ आली तर उचलली की निघालो. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

नवा पायजमा म्हणजे, मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. दवाखान्यातून आले तेव्हा हे असे वाळले होते की जुने पायजमे कमरेवरून घसरायचे, आणि थंडी तर त्यांना आधीपासूनच सोसत नाही. म्हणून मी एकाच मापाचे तीन पायजमे शिवले. मोहरी, म्हणजे पायाशी जे पायजम्याचं तोंड असतं ते, अगदी अरुंद ठेवली आणि घोट्यावर बटण लावलं, वारा आत शिरायला नको. घोट्याचं माप नऊ इंच. दोन वापरायला काढले, तिसरा बॅगेत.

पहिला मंगळवार झकास गेला. ह्यांनी वजनासाठी वही केली होती, आणि वही म्हणजे काट्यावरच्या रजिस्टरची धाकटी बहीण. पट्टीनं आखलेले रकाने, तारीख, भरलेलं वजन, कडता, निव्वळ. सिस्टरनं विचारलं तसा मी, ही आमच्या काटेसाहेबांची वही म्हणत, शेवटच्या रकान्यातला आकडा वाचला, एकाहत्तर पॉइंट सहा. दवाखान्यातून निघतानाही तेवढंच होतं. ती म्हणाली, छान चाललंय ताई. मला तेव्हा ती पोरगी आवडायला लागली.

बुधवारपासून कडाक्याची थंडी पडली. सकाळी सहाला फरशीवर पाय ठेववत नव्हता. हे म्हणाले, मी काही बनियनवर उभा राहत नाही, कडता धरू. मी म्हटलं धरा. त्यांच्या धंद्यात मी कशाला नाक खुपसू? ते माझ्या कात्रीला हात लावत नाहीत, मी त्यांच्या काट्याला लावत नाही, आमचा संसार असाच चालत आलाय.

रविवारी हे म्हणाले, मोहरीचं बटण लागत नाही, जरा घट्ट केलंयस. मला राग आला. इतकी वर्षं शिवतेय, माझी मोहरी चुकत नाही. मग वाटलं, नवं कापड आहे, पहिल्याच धुण्यात आटलं असणार. दोन्ही पायजम्यांची बटणं अर्धा इंच सरकवून दिली. लागली. विषय संपला.

मंगळवारी सकाळी बघते तर सरकवलेलं बटणही लागेना. हे पलंगावर बसून वाकत होते, धापा टाकत होते आणि बटण ओढत होते. म्हणाले, कापड भिकार आहे तुझं. मी तोंड उघडलं उत्तर द्यायला आणि तिथंच थांबले. कापड एकदा आटतं. रविवारपासून त्याला पाणी लागलेलं नव्हतं, मग ते पुन्हा आटणार कसं?

गळ्यात टेप होतीच. खाली बसले आणि घोट्याला लावली. सव्वादहा. दुसऱ्या पायाचंही तेच. अंगठ्यानं दाबून बघितलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. बोटांवर दिवस मोजले, घरी आल्यापासून आज अकरावा होता.

पण वजन तर वाढलेलं नव्हतं. रोज विचारत होते, रोज एकाहत्तर पॉइंट सहा. मी वही मागितली. हे म्हणाले, अकराला सिस्टरचा फोन आला की वाच. मी म्हटलं, आत्ता. आणि या खेपेला सगळे रकाने वाचले.

गुरुवार, भरलेलं बहात्तर पॉइंट आठ, कडता एक पॉइंट दोन. शनिवार, त्र्याहत्तर पॉइंट सात, कडता दोन पॉइंट एक. मंगळवार म्हणजे आज, चौऱ्याहत्तर पॉइंट नऊ, कडता तीन पॉइंट तीन. शेजारी बारीक अक्षरात तपशील. स्वेटर, मफलर, टोपी, पायमोजे दोन जोड, सदरा, पायजमा, हातातलं घड्याळ. आणि शेवटी, देवाशपथ, दात, शून्य पॉइंट एक. दुसरा कुठला दिवस असता तर हसून मुरकुंडी वळली असती.

मी वही मिटली. म्हटलं, सगळं उतरवा. ते म्हणाले, थंडी आहे. मी रजई त्यांच्या अंगावर टाकली आणि एकेक कपडा काढून घेतला. घड्याळ घेतलं, दातही घेतले. ढिगारा उचलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. एक किलो दोनशे.

बाहेर येऊन आकडा सांगितला. रजईतून नुसतं डोकं दिसत होतं, बिनदाताचं. काटेसाहेब फरशीकडे बघत होते. मला वाटलं होतं काट्याला दोष देतील, माझ्या काट्याला देतील, नाहीतर माझ्यावरच डाफरतील.

"पहिले तीन दिवस कडता खरा होता," ते म्हणाले. "शनिवारपासून मी आधी निव्वळ ठरवायचो. मग कडता."

एकतीस वर्षांत कुणा ट्रकवाल्यानं लाख विनवण्या केल्या तरी ह्या माणसानं ते केलं नव्हतं.

"का?" मी विचारलं.

"मला तिथं परत जायचं नाही," ते म्हणाले. "ती बॅग तू दाराआड ठेवलीस. रोज वजन करायला जाताना दिसते. तू तर मला पाठवायच्या तयारीतच बसलीयस."

मला इतका संताप आला की काय सांगू. बॅग काय मी हौसेनं भरली होती? मी त्यांना वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुम्ही मरायचं ठरवलंत ते ठीक, माझं काय करायचं ठरवलं होतंत? मी कुठल्या रकान्यात? आणि मग मलाच रडू फुटलं, कारण रविवारी बटण सरकवलं होतं ते मीच. त्यांनी वहीत कडता धरला, मी कापडात. डोळ्यांत तेल घालून सांभाळणारी म्हणे मी, आणि सुजलेल्या पायाला बटण पुरवत होते. हे त्यांना सांगितलं. त्यांनी रजईतून हात बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. हातही गार होता.

फोन करायला मी अकराची वाट बघितली नाही. कागदावरचा नंबर लावला आणि फोन ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, आज तुम्ही सांगा. आधी दात लावा.

त्यांनी दात लावले, घसा खाकरला आणि काट्यावरच्या आवाजात सांगितलं, भरलेलं चौऱ्याहत्तर पॉइंट नऊ, कडता एक पॉइंट दोन, निव्वळ त्र्याहत्तर पॉइंट सात. आधीचे आकडे चुकीचे होते, चूक माझी. सिस्टरनं ते लिहून घेतलं. प्रश्न विचारत गेली. दम लागतो का, लागतो. छातीत दुखतं का, नाही. गोळ्या चुकल्या का, एकही नाही. झोपताना उशा किती, दोन होत्या, तीन झाल्यात. ही तिसरी उशी माझ्या मशीनच्या खुर्चीवरची होती आणि मी दोन दिवस ती शोधत होते.

मग तिनं फोन मला द्यायला सांगितला. म्हणाली, घाबरू नका, पण आत्ताच निघा, गोळ्यांची पिशवी आणि वही घेऊन या. मी विचारलं, बॅग आणू ना?

"बॅग कशाला?" ती म्हणाली. "मी या म्हटलं ताई, राहा नाही म्हटलं."

माझा काही विश्वास बसला नाही. दवाखान्यात गेलेला माणूस त्याच दिवशी परत येतो, असं मी दोन्ही खेपांना पाहिलं नव्हतं. टॅक्सी आली तशी मी बॅग उचलली. ह्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं. अख्ख्या वाटेत बॅग आमच्या दोघांच्या मध्ये होती.

आम्हाला तळमजल्यावरच्या एका खोलीत नेलं. तिथे पलंग नव्हते, टेकायच्या चार मोठ्या खुर्च्या होत्या आणि खिडकीत कुंड्या. एक पांढऱ्या केसांची, गुडघे दुखत असल्यासारखी चालणारी बाई आली आणि म्हणाली, या काटेसाहेब. आवाज ओळखला आणि मी चाटच पडले. माझी कालची पोर साठीला टेकलेली होती. मी तिच्यासमोर हे कबूल केलं नाही, पुढेही करणार नाही.

रक्त घेतलं, छातीला तारा लावल्या. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. तेवढ्या वेळात मी खिडकीतल्या कुंड्या तीनदा मोजल्या, पाच होत्या. शेवटी त्यांनी नळी गळ्यात टाकली. म्हणाले, पाणी पायांत आहे, छातीत नुकतंच शिरतंय. नसेतून औषध देतो, चार तास इथं बसा, बघू. आणखी तीन दिवस काढले असते तर पलंग लागला असता.

औषधानं अर्ध्या तासात काम सुरू केलं. सिस्टरनं ह्यांना मापाचं भांडं दिलं होतं, किती लघवी झाली ते लिहायचं होतं. आमचे हे जाऊन आले की भांडं उजेडात धरायचे, रेघेकडे न बघता आधी अंदाज सांगायचे आणि मग रेघ बघायचे. साडेतीनशे म्हणाले, तीनशे चाळीस निघालं. चारशे म्हणाले, चारशे दहा. तिसऱ्या खेपेला सिस्टर स्वतः उठून बघायला आली. सकाळपासून पहिल्यांदाच ह्यांच्या तोंडावर रंग दिसला. पलीकडच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही काय डॉक्टर आहात का? हे म्हणाले, नाही, ट्रक तोलायचो.

सिस्टरनं आमची वही चाळली. मला वाटलं आता बोलणी खायची. ती एवढंच म्हणाली की सलग आठवडाभर एकाच आकड्यावर थांबलेला माणूस तिनं आजवर पाहिला नाही, वही आधी बघितली असती तर आधीच विचारलं असतं. यापुढे फोनवर रोजचं वजन विचारणार, आणि भरलेलं सांगायचं. ह्यांनी मान खाली घातली. मग तिनं त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसून सांगितलं की वजन वाढलं म्हणजे काही गुन्हा केला असं नाही. वाढणारच कधीतरी. लवकर कळलं तर आम्ही घरी पाठवू शकतो, म्हणूनच तर विचारतो. मला वाटतं, हे त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. वजन वाढलं की भरती, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

चारला डॉक्टर परत आले. पुन्हा पाठ ऐकली, रक्ताचा कागद बघितला. पाण्याच्या गोळीचा डोस वाढवला, शुक्रवारी रक्त तपासायला या म्हणाले. मी उभीच होते. त्यांनी विचारलं, अजून काही? मी म्हटलं, म्हणजे आता आम्ही काय करायचं? ते म्हणाले, घरी जा.

मी व्हरांड्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून पदराला डोळे पुसले. जिवात जीव येतो म्हणतात तो कसा येतो ते मला त्या व्हरांड्यात कळलं. आधी पायांत येतो. सकाळपासून माझेच पाय मला जाणवले नव्हते, ते एकदम दुखायला लागले.

टॅक्सीत बॅग ह्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली. म्हणाले, उगाच फिरवून आणलीस. मी म्हटलं, गप्प बसा. पण हसू आलं.

गोळीनं घरीही काम केलं. बुधवारी, गुरुवारी हे सारखे उठत होते आणि सारखे कुरकुरत होते. शुक्रवारी रक्त देऊन आलो, कागद चांगला आला. शनिवारी सकाळी सहाला मला हाक ऐकू आली, अगं, इकडे ये. गेले तर हे काट्यावर उभे, अंगात बनियन आणि चड्डी, दात नाहीत, घड्याळ नाही, आणि थंडीनं कुडकुडतायत. म्हणाले, तू वाच. मी वाचलं, एकाहत्तर पॉइंट आठ. त्यांनी तसंच लिहिलं. कडत्याच्या रकान्यावर पट्टी ठेवून वरपासून खालपर्यंत रेघ मारली. मी म्हटलं, आता तरी काहीतरी घाला अंगावर.

ते दाराकडे गेले. मला वाटलं पेपर घ्यायला. त्यांनी दाराआडची बॅग ओढली, उघडली आणि आतला पायजमा काढला. तो तिसरा, ज्याचं बटण मी कधी हलवलंच नव्हतं. पलंगावर बसून त्यांनी तो चढवला आणि पाय माझ्यासमोर धरला.

मी खाली बसले. टेप गळ्यात होती, पण ती काढली नाही. बटण धरलं आणि काजात घातलं. लागलं. दुसऱ्या पायाचंही लागलं, वर बोट जाईल एवढी जागा राहिली.

चहा झाल्यावर मी बाकीचे दोन पायजमे घेऊन बसले. जुन्या टाक्यांची भोकं कापडावर अजून दिसत होती, बटणं काढून पुन्हा तिथंच लावली. टॉवेल कपाटात गेला, कप स्वयंपाकघरात, फाइल टेबलावर. बॅग रिकामी झाल्यावर हे म्हणाले, आण इकडे. उचलून बघितली आणि म्हणाले, नऊशे ग्रॅम. मग स्टुलावर चढायला निघाले, तेवढ्यात मी ओरडले, म्हणून थांबले, आणि ती माळ्यावर मी टाकली.